शनिवारी पाणी येणार नाही

शनिवारी शहराला पाणी नसतं.
गंगापूरकडच्या पंपांची दुरुस्ती, म्हणून मला सुट्टी.
एरवी पहाटे साडेचारला पेठरोडच्या चेंबरात
माझी चार फुटी लोखंडी चावी उतरलेली असते
आणि अख्ख्या गल्लीचे हंडे
माझ्या मनगटाला टांगलेले.

दर तिसऱ्या शनिवारी मंदाकिनीला घेऊन मुंबई नाक्याला येतो.
ती खिडकीजवळची खुर्ची धरते, मी स्टूल.
पहिल्या वेळी बाटली नव्वद मिनिटं चालली,
मग साठ, आता तीस.
शरीर ओळख ठेवतं म्हणायचं.

यात काय आहे, विचारलं होतं.
डॉक्टर घाईत म्हणाले, गाठीचं रक्त तोडायचं औषध.
हे मला लगेच कळलं.
सत्तावीस वर्षं दुसरं काय केलं?
रातोरात रस्ता खणून मेन लाइनला टोचलेले
अर्ध्या इंची चोरटे पाईप,
ओल्या मातीवरून हुडकायचे,
खुंटी ठोकायची,
आणि वर त्यांच्या बायकांच्या शिव्या घेऊन घरी यायचं.
मंदाला म्हटलं, तुझ्या यकृतात
आमच्या खात्याचाच माणूस पाठवलाय.
ती हसली. हसताना नाकातून एक थेंब आला,
तो तिनं पदराआड पुसला.

एस्तेर सिस्टर सलाईनचा वेग बघत म्हणाली,
तसं नाही हो काका.
हे नळाला हातच लावत नाही.
गाठीला भूक लागली की ती निरोप सोडते,
इकडे रक्त आणा, इकडे फांदी फोडा.
शेजारच्या शिरा भोळ्या, लगेच निघतात.
हे औषध तो निरोप वाटेत धरतं.
पोचूच देत नाही.

मी गप्प.
म्हणजे हा वॉलमन नव्हे.
हा आवक-जावकचा कारकून.
असा एक होता आमच्याकडे, दाणी म्हणून,
त्याच्या ड्रॉवरमध्ये सबंध कॉलनी तहानलेली पडून असायची.
अर्ज साहेबापर्यंत गेलाच नाही,
तर नळ कुठून येणार?
त्या माणसाला मी जन्मभर नावं ठेवली.
आता बाटलीकडे बघून म्हणतो,
दाणीसाहेब, बसा. घाई करू नका.
एकही कागद पुढे सरकवू नका.

पण परवा विळीवर तिचं बोट कापलं.
मेथी निवडताना, एवढंसं.
अकरा दिवस झाले, अजून ओलं आहे.
सिस्टरनं सांगितलं, जखमही तोच निरोप पाठवते,
इकडे रक्त आणा.
औषधाला हस्ताक्षर ओळखता येत नाही.
गाठीचं पत्र काय, बोटाचं काय,
सगळं एकाच ड्रॉवरमध्ये.

आणि दाब वाढलाय. एकशेसाठ.
त्याचं मला नवल वाटलं नाही,
लाइन बंद केली की दाब कुठेतरी निघतोच,
कधी पंचवटीत पाईप फुटतो, कधी मखमलाबादला.
डॉक्टरांनी गोळी लिहून दिली.
किती दिवस, हे मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.
बरं होण्याचं औषध नाही हे, थांबवून धरण्याचं आहे.
काही महिने. कदाचित बरे महिने.
मग गाठ दुसरी वाट शोधते.
शोधणारच.
पाणी नाकारलेली माणसं
टँकर आणतात, बोअर पाडतात,
गोदावरीपर्यंत डोक्यावर कळशा नेतात.
मी पाहिलंय.
तहानेला अर्ज फेटाळलेला समजत नाही.

रविवारी पहाटे पुन्हा चेंबरात.
आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोळा आट्यांचा,
मोजून सोळा द्यायचे. खात्याचा नियम.
मी सतरावा दिला.
सतराव्यानं पाणी वाढत नाही हे मला माहीत आहे.

घरी ती नळ उघडा टाकून बसली असेल,
बादली ठेवून, चिंधी बांधलेलं बोट वर धरून,
ओलं होऊ नये म्हणून.
आधी नुसती हवा येते, खाकरल्यासारखी.
मग गढूळ.
ते सोडून द्यायचं असतं.